भरलेली दरज पुन्हा पुन्हा का निघते? जुन्या विटांच्या आणि दगडी भिंतींसाठी समस्या निवारण

दरज म्हणजे दोन विटांमधला किंवा दगडांमधला, माल (चुना किंवा सिमेंट आणि वाळू यांचे मिश्रण) भरलेला सांधा. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "तीन वर्षांपूर्वी दरजा भरून घेतल्या होत्या, पुन्हा निघाल्या." आणि लगेच पुढचे वाक्य: "या खेपेला माल जरा कडक करू या." पहिले वाक्य खरे असते. दुसऱ्यापासून जुन्या भिंतीचे असे नुकसान सुरू होते की ते भरून निघत नाही. दरज पुन्हा भरता येते, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वीट पुन्हा भाजून आणता येत नाही.

म्हणून दरज कशाने भरायची हे ठरवण्याआधी ती का निघाली हे शोधा. हा क्रम उलटा झालेली बरीच कामे मी उकरून पुन्हा केली आहेत, आणि त्यांतले एक माझ्याच हातचे होते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दरजेचे काम काय असते

आजच्या बांधकामात वीट कडक, माल कडक आणि पाणी बाहेरच थोपवायचे असा बेत असतो. जुन्या भिंतीचा बेत वेगळा आहे. ती थोडे पाणी आत घेते आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देते. सोडण्याची वाट म्हणजे चुन्याची दरज. ती विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते, त्यामुळे ओल तिच्यातूनच वाळते आणि पाण्यात विरघळलेले क्षारही तिच्यातच येऊन साठतात. क्षारांचे स्फटिक फुगतात तेव्हा झीज दरजेची होते, वीट वाचते. उन्हाने भिंत किंचित पसरली, पाया किंचित बसला, तरी तो ताण दरजच सोसते. थोडक्यात, झिजणे हे तिचे कामच आहे. अनेक दशकांनी झिजलेली दरज ही तक्रार म्हणून घेऊ नका. तीन वर्षांत निघाली तर मात्र कुठेतरी चुकले आहे.

जोसेफ अॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. ते सिमेंट आजच्यासारखे कडक नव्हते आणि सर्रास वापरात यायला पुढे अनेक दशके गेली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याआधीची भिंत बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेली असते. इमारतीच्या वयावरून हा अंदाज बांधता येतो, पण खात्री दरजेच्या आतला माल बघूनच करायची. वरच्या दोन-तीन सेंटिमीटरवर जाऊ नका, तो भाग नंतर कोणीतरी भरलेला असू शकतो.

आधी भिंत नीट बघा

एकदा पाऊस पडत असताना जा आणि पुन्हा पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी. पहिल्या फेरीत पाणी येते कुठून ते दिसते, दुसऱ्या फेरीत ते अडून राहते कुठे. सोबत खिळा, पातळ चाकू, मोजपट्टी आणि लाकडी हातोडी एवढेच घ्या.

निघालेला एखादा तुकडा हातात घ्या आणि त्याची जाडी मोजा. दरज अखंड पट्टीसारखी सुटून आली असेल आणि पट्टी जेमतेम सात-आठ मिलिमीटर जाड असेल, तर उत्तर हातातच आहे. जुना माल पुरेसा न काढता वरून लिंपण केलेले आहे. तुकड्याच्या मागच्या बाजूला धूळ चिकटलेली दिसली तर दरज साफही झाली नव्हती, आणि बहुधा भिजवलीही नव्हती.

दरज जशीच्या तशी आहे, उलट पुढे आली आहे, आणि तिच्या मधल्या विटा वाटीसारख्या खोलगट झाल्या आहेत, असे दिसले तर तो सिमेंटच्या मालाचा परिणाम आहे. सगळ्यात वाईट लक्षण हेच. दुर्दैव असे की लांबून बघणाऱ्याला अशी भिंत मजबूत वाटते, कारण दरजांची जाळी ठसठशीत उठून दिसते.

नखाने खरवडल्यावर माल पिठासारखा गळत असेल तर चुना कमी पडला आहे, किंवा तो आवळण्याआधीच, म्हणजे घट्ट धरण्याआधीच, वाळून गेला आहे. दरजेच्या दोन्ही कडांनी केसाएवढी फट असेल तर माल आकसला आहे: पाणी जास्त, वाळू बारीक, किंवा दोन्ही. आणि तडा पायऱ्यांसारखी तिरपी चढत गेली असेल, भरल्यावर पुन्हा त्याच रेषेत उघडत असेल, तर ते दरजेचे दुखणेच नाही. भिंत हलते आहे. तडेच्या दोन बाजूंना खुणा करून निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, अंतर मोजत राहा आणि संरचना अभियंत्याला दाखवा. तोवर तिथे दरज भरणे वाया जाते. शिवाय तड झाकली गेली की ती किती वाढते आहे हेही कळेनासे होते.

भिंतीवर हातोडीने हलके ठोकत जा. दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना चिरे आणि मधे दगडगोट्यांची भर असते. पाण्याने त्या भरीतला चुना वाहून गेला असेल तर पोकळ आवाज येतो. अशा ठिकाणी नुसती बाहेरची दरज भरली तर आत पोकळीच राहते. आधी आतली पोकळी पातळ चुन्याच्या मालाने खालून वर, टप्प्याटप्प्याने भरावी लागते. एका दमात ओतले तर ओल्या मालाच्या दाबाने बाहेरचे चिरे सरकू शकतात.

पाण्याची वाट बंद केल्याशिवाय थापीला हात लावू नका

दरज एका पट्ट्यातच निघते आणि बाकीची भिंत ठणठणीत आहे, असे असेल तर त्या पट्ट्याच्या वर बघा. फुटलेली पन्हळ, तुंबलेला उभा नळ, निखळलेला कंगोरा, खिडकीच्या पट्टीखालचा बुजलेला टपका (पाणी भिंतीवर न येता गळून पडावे म्हणून ठेवलेली खाच), यांपैकी काहीतरी सापडतेच. जोत्याजवळच्या दरजा निघत असतील तर पायाशी बघा. बाहेरची जमीन वर्षानुवर्षे भर पडून उंच झाली आहे का? भिंतीला लागून कोणी सिमेंटचा कोबा केला आहे का? कोब्यामुळे जमिनीची ओल मोकळी वाळत नाही, ती भिंतीतून वर चढते, आणि लोक मग दरजेला दोष देतात. भिंतीत मुळे रुजवलेले रोप असेल तर ते ओढून काढू नका, चिरे हलतात. आधी कापून मूळ मारा, ते सुकू द्या, मग दरज उघडताना जेवढे सहज निघेल तेवढे काढा.

आणि पाणी झिरपू नये म्हणून भिंतीवर सिलिकॉनचा लेप किंवा रंग मारला असेल तर तोही कारणांच्या यादीत धरा. बारीक फटींतून पाणी आत जातच राहते, फक्त बाहेर पडणे मंदावते.

सिमेंट भरलेले असेल तर

सिमेंटची दरज विटेपेक्षा कडक आणि पाण्याला जवळजवळ बंद असते. मग ओलीला वाळायला एकच जागा उरते, ती म्हणजे वीट. क्षार विटेच्या कातडीमागे साठतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी धरून स्फटिक होतो तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून वाढते. थंड प्रदेशात त्यात गोठणाऱ्या पाण्याची भर पडते, ते सुमारे ९ टक्के फुगते. जुन्या विटेची वरची भाजलेली कातडी एकदा उडाली की आतला मऊ गाभा भराभर झडतो. शिवाय सिमेंट स्वतःही विरघळणारे क्षार सोबत घेऊन येते.

माझ्या हातचे ते काम असेच होते. मऊ विटांची कुंपणाची भिंत होती, चुन्याची दरज पिठासारखी झाली होती. मी चुन्यात "थोडेसे" सिमेंट घातले, आवळायला मदत होईल म्हणून. पाच वर्षांनी गेलो तेव्हा दरजा नीट होत्या आणि तळाच्या चार थरांतल्या विटांचे पोपडे हाताने निघत होते. तेव्हापासून मी जुन्या मऊ विटेत सिमेंटची चिमूटही घालत नाही.

भरलेले सिमेंट काढायचे की नाही हा वेगळा निर्णय आहे, आणि तो घाईने घेऊ नये. आधी हातभर लांबीवर काढून बघा. छिन्नीने सहज सुटत असेल, विटेची कड शाबूत राहत असेल, तर काढा. घट्ट बसले असेल आणि विटेचा तुकडा घेऊनच येत असेल तर तिथे थांबा. पाण्याचा बंदोबस्त करा आणि ते आपोआप सैल होण्याची वाट बघा. भिंतीला सिमेंटपासून वाचवताना भिंतच फोडली जाते, हे मी पाहिले आहे.

काढताना छिन्नी दरजेपेक्षा अरुंद हवी. फार कडक असेल तर आडव्या दरजेच्या बरोबर मध्यरेषेत एक काप घेता येतो, म्हणजे उरलेले दोन्ही काठ आतल्या बाजूला पडतात. उभ्या दरजेत मात्र कापण्याचे यंत्र घालूच नका. ती जेमतेम एका विटेएवढी असते, गोल पाते वर-खाली विटेत घुसते, आणि ते काप जन्मभर दिसतात.

चुनाच वापरला तरी निघाली, असे का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणसाची नियत चांगली असते. सिमेंट टाळले, चुना आणला, मेहनत केली, आणि तरी दरज पिठासारखी गळली. मग "चुन्यात काही दम नाही" असा निष्कर्ष निघतो आणि गाडी पुन्हा सिमेंटकडे जाते.

पहिले कारण नावांच्या गोंधळात आहे. पिशवीवर हायड्रेटेड लिहिलेला चुना आणि हायड्रॉलिक चुना या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. पहिला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. ढोबळ हिशोब महिन्याला एक मिलिमीटर असा धरतात, म्हणजे २५ मिलिमीटर खोल दरज पुरी आवळायला दोन वर्षे. दुसरा पाण्याशी संयोग पावून आवळतो आणि उरलेले काम हवेत करतो. युरोपीय मानकात नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याचे २, ३.५ आणि ५ असे तीन वर्ग आहेत. तो आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती, मेगापास्कलमध्ये. मऊ विटेला २ किंवा पाण्यात मुरवलेला साधा (हवेत आवळणारा) चुना, उघड्यावरच्या टणक दगडाला ३.५, असा मी साधारण विचार करतो. ५ फारच क्वचित लागतो, आणि काळानुसार तो आणखी कडक होत जातो हे विसरू नये. साध्या चुन्यात सुरखी, म्हणजे कमी तापमानाला भाजलेल्या विटेची बारीक पूड, मिसळली तरी तो पाण्यात आवळू लागतो. ही युक्ती रोमन गवंड्यांनाही ठाऊक होती. पूड मात्र बारीकच हवी, भरड पूड नुसत्या वाळूसारखी वागते.

पिशवी किती जुनी आहे तेही बघा. बंद न केलेला कोरडा चुना हवेने पिशवीतच मरतो. मग तुम्ही कालवता ती नुसती चुनखडीची भुकटी असते.

दुसरे कारण प्रमाणाचे, आणि ते फार लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या कागदपत्रांत "एकास तीन" असे प्रमाण आढळते. पुष्कळदा ते कळीच्या, म्हणजे भट्टीतून निघालेल्या कोरड्या चुन्याचे असते, पाण्यात विरवण्याआधी मोजलेले. कळीचा चुना विरवला की आकारमानाने साधारण दुप्पट होतो. म्हणजे प्रत्यक्ष भिंतीत चुना एकास दीडच्या आसपास गेलेला असतो. आपण तोच आकडा मुरवलेल्या चुन्याला लावतो आणि निम्माच चुना घालतो. जुन्या मालाचा तुकडा हातात घेऊन बघा, त्यात चुन्याचे पांढरे खडे दिसतात आणि तो किती चुनाळ आहे हे डोळ्यांनाच कळते.

वाळूला विचारूनच प्रमाण ठरवावे. एक लिटरच्या भांड्यात कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि ती पूर्ण भिजून पाणी वर दिसेपर्यंत मोजून पाणी घाला. जेवढे पाणी गेले तेवढी वाळूत पोकळी, आणि तेवढा चुना किमान हवाच. ३३० मिलिलिटर गेले तर एकास तीन. ४०० गेले तर एकास अडीच. बारीक, एकाच मापाच्या दाण्यांची वाळू पोकळी जास्त ठेवते आणि आकसतेही जास्त. दाणे खरबरीत, लहान-मोठे सगळ्या मापांचे हवेत, माती धुतलेली हवी. सर्वांत मोठा दाणा दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतो. दरजेचा रंगही वाळूच ठरवते, त्यामुळे रंगाची पूड घालण्याआधी दुसरी वाळू शोधा.

तिसरे कारण पाण्याचे, दोन्ही टोकांनी. माल पातळ कालवला की लावायला सोपा जातो आणि वाळताना फाटतो. मुठीत दाबल्यावर गोळा राहील आणि हाताला पाणी सुटणार नाही एवढाच ओला हवा. उलट भिंत कोरडी असेल तर ती मालातले पाणी काही मिनिटांत पिऊन टाकते, आणि चुना आवळायच्या आत वाळतो. वाळणे आणि आवळणे यांतला फरक कळला की चुन्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जोडला जायला ओल लागते. ठणठणीत कोरड्या मालात ते काम थांबते.

शंका असेल तर दरजेचा तुकडा मोडून ताज्या मोडीवर फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. गुलाबी झाले तिथे चुना अजून आवळायचा आहे, रंग आला नाही तिथे आवळला. भरून वर्ष झाले आणि रंग कुठेच येत नाही, तरीही माल पूडच आहे, तर चुना मुळातच कमी होता किंवा पिशवीतच मेलेला होता.

भरताना

जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत काढा. १० मिलिमीटरच्या दरजेला २० ते २५. मागची बाजू चौकोनी हवी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती नको. त्याहून आत माल सैल असेल तर घट्ट माल लागेपर्यंत जा, पण एका वेळी फार लांब पट्टा उघडू नका. घट्ट जुना चुना सापडला तर त्याला हात लावू नका. सगळी भिंत एकसारखी दिसावी म्हणून चांगली दरज उकरणे हा त्या भिंतीवर अन्याय आहे. घडीव चिऱ्यांमधली तीन मिलिमीटरहून बारीक दरज तर माल घालायला रुंद करणे हा गुन्हाच समजा. तिथे वाळूशिवाय किंवा अगदी बारीक दगडपुडीसह चुन्याचा लगदा पातळ पात्याने सरकवायचा, दगडाच्या कडांना चिकटपट्टी लावून.

धूळ झटकून, फुंकून, मग पाण्याने वरून खाली धुवा. आदल्या दिवशी भिजवा, आणि भरण्याआधी थोडा वेळ पुन्हा. दरज ओली दिसावी पण त्यात पाणी चकाकू नये.

भरायची थापी दरजेत जाईल एवढी अरुंद घ्या. माल मागे दाबायचा, नुसता पुसायचा नाही. खोल दरज थराथराने भरा आणि अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका खालचा थर घट्ट झाला की पुढचा घ्या. विटांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर दरज किंचित आतच थांबवा. काठोकाठ भरली तर मालाची पातळ जिभली विटेवर पसरते, दरज दुप्पट रुंद दिसते, आणि ती जिभली पहिल्या वर्षीच उडते. उठावदार पट्टी काढू नका. तिच्या वरच्या काठावर पाणी टेकते.

लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करण्याचा मोहही आवरा. घोटल्याने चुना वर येतो, वर कातडी धरते आणि आतला माल कच्चा राहतो. माल अंगठ्याला घट्ट लागला, पण खरवडता येतो, अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने सरळ ठोकत जा. त्याने माल दाबला जातो, केसाएवढ्या फटी मिटतात, आणि वाळूचा दाणा उघडा पडून दरज जुन्या दरजेशी जुळते. ही वेळ हवेप्रमाणे काही तासांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत कधीही येते, त्यामुळे भरणाऱ्याने काम टाकून जाऊ नये.

मग ओले गोणपाट, भिंतीला न चिकटता, थोडे पुढे टांगून. निदान आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा, मालाचा पृष्ठभाग एकदाही पांढरा पडू देऊ नका. कडक ऊन आणि जोराचा वारा यांच्यात काम करूच नये. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तरीही नाही, आणि थंड प्रदेशात गोठण लागण्याच्या काही महिने आधी काम संपवा.

पांढरा खार पुन्हा आला तर

कोरड्या ब्रशने झाडून, खाली कागद धरून तो गोळा करा आणि भिंतीपासून दूर टाका. पाण्याने धुतले तर तोच क्षार पुन्हा आत जातो. नव्या दरजेवर पहिल्या काही महिन्यांत खार येणे याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच की वाट मोकळी झाली आहे आणि भिंत साठलेले बाहेर टाकते आहे. दर वेळी झाडताना तो कमी येतो आहे ना, एवढे बघा. कमी होत नसेल तर ओल अजून येते आहे. पन्हळ आणि पाया पुन्हा तपासा.

पूर्ण भिंत घेण्याआधी

सहज न दिसणाऱ्या, पण ऊन-पाऊस लागणाऱ्या कोपऱ्यात एक चौरस मीटर भरून ठेवा, शक्य तर दोन-तीन वेगवेगळ्या मालांनी. रंग ओल्यात ठरवू नका. नीट वाळल्यावर, आणि जुन्या दरजेच्या नव्याने मोडलेल्या तुकड्याशी लावून बघा, कारण जुन्या दरजेचा वरचा रंग धुळीचा असतो. एक पावसाळी आणि एक कोरडा काळ त्या नमुन्यावरून जाऊ द्या. प्रत्येक नमुन्याचा चुना, वाळू, प्रमाण, तारीख आणि त्या दिवशीची हवा वहीत लिहा, आणि त्याच मालाचा एक गोळा वाळवून, चिठ्ठी बांधून इमारतीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी ही भिंत उघडणारा माणूस सगळ्यात आधी तोच शोधणार आहे.